कुरणाला खायला घालू नका

काकू, तुमच्या शोकसभेला तुम्ही असतात, तर मध्येच उठून पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहिला असतात. मी उठले नाही. मी शेवटी बोलणार असं इथल्या मराठी मंडळाच्या वर्षावहिनींनी कार्यक्रमात ठरवून टाकलं होतं. मग वेळ संपली, चहा आला, आणि मला बोलवायचं राहून गेलं. बरंच झालं. तिथेच मंडळाच्या अंकासाठी त्यांनी माझ्याकडे ‘काकूंच्या गोड आठवणी’ मागितल्या. गोड मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनाही एव्हाना कळलंय.

सभेत स्लाइड शो होता. तुमच्या प्रत्येक फोटोमागे लाल पॉपींचं शेत. इंटरनेटवरून उचललेलं. तुमच्या कुरणात एक पॉपी कधी उगवली नाही, आणि का उगवत नाही हे तुम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला उभं करून सांगायचात: पॉपीला नांगरलेली, उकरलेली जमीन लागते, आणि आपण इथे जमीन उकरत नाही. तेच लोक पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. फुलांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या काकू. मायाळू काकू. निसर्गाच्या सान्निध्यात रमणाऱ्या काकू.

रमणाऱ्या? ऑगस्टमध्ये, घामाने केस कपाळाला चिकटलेले, पाठीला पट्टा बांधून दाताळं ओढणारी बाई कोणाला रमलेली दिसली असेल तर तो माणूस कुरणावर कधी आलाच नाही. आणि फुलांवरचं प्रेम हे तर फार नंतरचं. तुमचा जीव होता तो मातीच्या उपाशी राहण्यावर. तुम्ही त्या जमिनीच्या उपासावर पहारा देत होतात. हे शोकसभेत सांगितलं असतं तर लोकांनी मला बसवलं असतं.

आपली पहिली गाठच भांडणाने पडली. मी लायब्ररीबाहेर टेबल मांडून पत्रकं वाटत होते. नागपूरहून आले, शिकले, आणि नोकरी शोधायच्या ऐवजी कौन्सिलशी भांडत बसले, असं आई फोनवर ज्याला म्हणते ते दिवस. पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं: गवत कापणं थांबवा, निसर्गाला मोकळं सोडा. तुम्ही पत्रक उचललंत, चष्मा वर करून वाचलंत, पाठची बाजू कोरी आहे हे बघून घेतलंत, आणि माझं नाव विचारल्याबरोबर मराठीत सुरू झालात.

“अर्धंच लिहिलंयस. कापणं थांबवल्यावर पुढे काय होतं, ते कुठाय?”

मी म्हटलं, पुढे फुलं येतात.

“पहिल्या उन्हाळ्यात. मग येतात ब्रॅम्बलचे काटे. गाडी आहे का तुझ्याकडे? नाही ना. मग चल माझ्याबरोबर.”

ज्यांना ते कुरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाही तर पुन्हा कोणीतरी पॉपी लावेल. कॉव्हेंट्रीच्या कडेला, रेल्वेलाइनच्या वर, पाडून टाकलेल्या एका कारखान्याची जागा आहे. पाडताना कंत्राटदाराने वरची सगळी सुपीक माती खरवडून नेली आणि विकली. मागे उरला विटांचा चुरा, चुना, खडी. शहराने ती जागा मेली म्हणून सोडून दिली. आणि तिथेच, काहीच खायला नाही म्हणून, सगळं उगवलं. काऊस्लिप, नॅपवीड, ऑर्किड, ज्यांची नावं मला अजून पाठ नाहीत अशी कितीतरी, एका पावलाखाली. तुम्ही मला त्या दिवशी गुडघ्यावर बसवलंत आणि हाताची ओंजळ जमिनीवर उपडी ठेवायला लावलीत. म्हणालात, आता ओंजळीखाली किती प्रकारची पानं आहेत मोज. माझी मोजणी चुकली, कारण मला गवत म्हणजे एकच वस्तू वाटत होती.

मग कुंपणापलीकडे नेलंत. तिकडे कधीकाळी कोणीतरी शोभेचं लॉन करायला ट्रकभर काळी माती टाकली होती. हिरवंगार. कमरेइतकं. ओंजळीखाली एकच पान.

“बघ,” तुम्ही म्हणालात, “भूक असते तेव्हा सगळे जेमतेम वाढतात, म्हणून सगळ्यांना जागा असते. अन्न जास्त झालं की भांडण अन्नाचं राहत नाही, उन्हाचं होतं. जो उंच होतो तो बाकीच्यांचं ऊन खातो. संपलं.”

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी त्याचं पत्रक केलं. गवताच्या जागी घरमालक घातला. छापून तुमच्याकडे आणलं, कौतुकाच्या अपेक्षेने. तुम्ही ते वाचून त्यावर चहाचा कप ठेवलात. म्हणालात, “गवताला राजकारणात ओढू नकोस, पत्रकवाले. त्याचा काही गुन्हा नाही. त्याला कोणीतरी वाढलं, ते जेवलं.” तेव्हापासून मी तुमची पत्रकवाली. आणि तेव्हापासूनचं आपलं भांडण, जे आता तुम्ही अर्ध्यावर टाकून निघून गेलात.

माझं म्हणणं साधं होतं: दांडगा कोण ते ओळखा आणि त्याला उपटा. कुरणाच्या खालच्या टोकाला, जिथे उतारावरून पाणी आणि गाळ येऊन साठतो, तिथे कॉक्सफूट नावाचं दांडगं गवत माजलं होतं. जाडजूड झुपके, मुठीत मावत नाहीत असे. तुम्ही म्हणालात, उपट. चटईएवढी जागा तुला दिली, होऊन जाऊ दे. आणि पैज लावलीत: मी जिंकले तर तुम्ही माझ्या मोर्चात फलक धरून चालणार, तुम्ही जिंकलात तर वर्षभर कापलेलं गवत उचलायचं काम माझं. मी सगळे झुपके मुळासकट काढले. हाताला फोड आले. तुम्ही बाजूला घडीच्या खुर्चीवर बसून संत्रं सोलत बघत होतात. पुढच्या उन्हाळ्यात तिथे ऑर्किड येणार अशी माझी खात्री होती. आली यॉर्कशायर फॉग, गवताचीच दुसरी जात. मऊ, जांभळट, दिसायला गरीब, आणि कॉक्सफूटपेक्षा दाट. खाली उंदरालाही ऊन मिळालं नसतं.

“खुर्ची तशीच ठेवलीस,” तुम्ही म्हणालात. “माणूस बदललास फक्त.”

इतकी चिडले होते मी. कारण ते गवताबद्दल होतं की माझ्या सगळ्या मोर्चांबद्दल, ते तुम्ही सांगितलं नाहीत. संत्र्याची एक फोड पुढे केलीत.

तुमची रीत वेगळी होती. उपटायचं नाही, मारायचं नाही, औषध मारायचं तर नाहीच. उन्हाळा उतरला की कापायचं, बी झडायला ते चार दिवस पडू द्यायचं, आणि मग सगळं, शेवटच्या काडीपर्यंत, गोळा करून कुंपणाबाहेर न्यायचं. कापणं दुय्यम, उचलणं मुख्य. कापलेलं तिथेच सोडलं तर ते कुजतं आणि गवत आपलंच जेवण परत जेवतं. कौन्सिलचा माणूस मशीनवर बसून येतो आणि नेमकं तेच करतो, बारीक चिरून तिथेच सोडतो. तुम्ही त्याच्यासाठी चहा नेलात, मशीन बंद करायला लावलंत, आणि त्याच्या साहेबाचा साहेब कोण हे त्याच्याकडूनच काढून घेतलंत. त्यानंतर ते मशीन कुरणावर चढलं नाही. माझ्या पत्रकांनी जे झालं नाही ते चहाने झालं, हेही तुम्ही बोलून दाखवलं नाहीत. न बोलता दाखवलंत, ते जास्त लागलं.

आणि खुळखुळा. हे नाव तुम्हीच ठेवलेलंत, कारण पिकल्यावर त्याच्या शेंगेत बी वाजतं. इंग्रजीतही त्याचं नाव वाजण्यावरूनच आहे. वीतभर उंचीचं, पिवळ्या फुलांचं, बघून कोणी फोटोही काढणार नाही असं झाड. पण मातीखाली त्याची मुळं गवताच्या मुळांना चिकटतात आणि त्यातून पितात. गवत मरत नाही, दमतं. उंच होणं त्याला परवडत नाही. मग मधल्या मोकळ्या जागेतून बाकीचे डोकं वर काढतात. तुम्ही आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल दिलीत. तुम्हाला ते झाड आवडणारच.

“माझ्यासारखंच आहे,” म्हणायचात. “पेशंट मारायचा नाही. नुसता झोपवून ठेवायचा, तेवढ्यात बाकीच्यांनी आपली कामं उरकायची.”

दर हिवाळ्याच्या तोंडावर बी पेरायचं. ते वर्षभरच जगतं, थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही, आणि एक वर्ष चुकलं की संपलं. म्हणून फेब्रुवारीत वॉर्डमध्ये तुम्ही मला ना मोर्चाचं विचारलंत, ना व्हिसाचं. विचारलंत, “खुळखुळा वर आला का?” मी फोनवर फोटो दाखवला. तुम्ही सलाइनच्या हाताने तो मोठा केलात, बराच वेळ पाहिलात, आणि म्हणालात, “हे चिकवीड आहे. खुळखुळ्याच्या पानाला कडेने दाते असतात. नीट बघ जा.”

हे आपलं शेवटचं बोलणं. लोकांना शेवटचे आशीर्वाद मिळतात. मला चिकवीड मिळालं.

आता वहिनींना आवडणार नाही ते लिहिते.

काही वर्षांपूर्वी, गणपतीनंतर, मंडळाच्या हॉलमध्ये निर्माल्याच्या पिशव्या उरल्या. देवाची फुलं कौन्सिलच्या बिनमध्ये टाकायची नाहीत, कोणाच्या पायाखाली येऊ द्यायची नाहीत. इथे नदीत सोडायला गेलं तर कोणीतरी पोलिसांना फोन करणार. वर्षावहिनींनी सगळं निर्माल्य घरी नेलं, बागेतल्या पिंपात हिवाळाभर कुजवलं, त्यात गार्डन सेंटरमधून आणलेलं शेणखत मिसळलं, आणि वसंतात एका रविवारी मंडळाची पोरं-बाळं घेऊन कुरणावर आल्या. काकूंना सरप्राइज. आपण दोघी पोचलो तेव्हा वरच्या कोपऱ्यात, बरोबर ऑर्किडच्या जागेवर, काळंभोर खत पसरून झालं होतं. लहान मुली हातांनी ते थोपटत होत्या. वहिनी म्हणाल्या, आजवर नुसतं कापत आणि नेतच आलात, कोणीतरी त्या बिचाऱ्या जमिनीला काही द्यायला नको का?

मी तोंड उघडणार होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. नाडी बघतात तसं. आणि म्हणालात, “छान हं. किती मेहनत केलीत सगळ्यांनी.” सगळ्यांना तिळाची वडी वाटलीत. फोटोत उभ्या राहिलात.

ते गेल्यावर तुम्ही गुडघे टेकलेत आणि गाडीतल्या सुपलीने ते खत खरवडायला लागलात. मी भांडतच होते. बोलला का नाहीत, एवढ्या वर्षांची मेहनत, एका वाक्यात सांगता आलं असतं.

“देवाची फुलं आहेत गं ती,” तुम्ही म्हणालात. “पायाखाली येऊ नयेत म्हणून इतक्या लांब आणली. काय सांगू त्यांना? तुमची श्रद्धा म्हणजे फॉस्फेट आहे?”

तुम्ही खरवडलंत त्याच्या कितीतरी पट आत मुरलं होतं. त्या उन्हाळ्यात तो कोपरा सगळ्यात हिरवा दिसला. मंडळाने अंकात फोटो छापला. पुढच्या वर्षी तिथे कमरेएवढं गवत होतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी नेटल आली. खाजरी, काळसर, माणसाच्या छातीला लागेल अशी. नेटलला फॉस्फेट आवडतं. तिथल्या ऑर्किड गेल्या. आपण तो कोपरा टाळायला लागलो. आणि मंडळ? मंडळाची या एप्रिलपर्यंत समजूत होती की त्यांनी कुरण सुधारलं.

काकू, मला तुमचा राग येतो तो इथे. माझ्याशी तुम्ही कधी गोड बोलला नाहीत. माझं चुकलेलं पान तुम्ही मरणाच्या बिछान्यावरून दुरुस्त केलंत. आणि ज्यांच्या हातात खताची पोती होती त्यांना तुम्ही तिळाची वडी दिलीत. का? मी चिडले तरी परत येईन, आणि त्या दुखावल्या तर येणार नाहीत, असा हिशेब होता का? की ज्याला आपलं मानलं त्यालाच कडू बोलायचं, अशी तुमच्या पिढीची रीत? विचारायचं होतं. राहिलं.

आणि त्या न बोलण्याची पावती मार्चमध्ये आली. निखिलचा पिनरहून फोन. तुमचा मुलगा माझ्याशी आजवर दोन-तीनदाच बोललेला, तेही तुमची औषधं कुठे ठेवलीत या विषयावर. अगदी नीट बोलला. क्रिमेटोरियममधून ॲशेस मिळाल्यात. पुढच्या महिन्यात रविवारी कुरणावर विखरायच्या, मंडळ येणार आहे, तू पण ये. “आईचा फेव्हरिट जागा होता तो,” म्हणाला. “ऑर्किड होते तिकडे. मला वाटलं, आई त्याच्यात असली पाहिजे.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मंडळात कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या कल्पनेत अस्थी म्हणजे ओंजळभर. इथे तसं नसतं. इथे सगळी हाडं दळून, डब्यात भरून देतात. उचलताना दोन्ही हात लागतात. आणि हाड म्हणजे काय, ते तुम्हीच मला सांगितलंत: हाड म्हणजे फॉस्फेट. बागवाले हाडांची पूड पोत्याने विकत घेतात ती याचसाठी.

मी निखिलला म्हटलं, नको. कारण सांगितलं. मग तो इंग्रजीत म्हणाला की थोड्याशा राखेने काय होणार. मी सांगितलं काय होणार. तेव्हा मराठीत म्हणाला, “सॉरी, पण तू फॅमिली नाहीस.”

नाही. मी फॅमिली नाही. फॅमिली पिनरला होती आणि मी कुरणावर. पण हे मी म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मला काही श्रेय मिळावं.

रविवारी मी लवकर जाऊन फाटकात उभी राहिले. आयुष्यभर मी अशी उभी राहिलेय, बुलडोझरसमोर, घराबाहेर काढायला आलेल्या माणसांसमोर. त्यांच्यासमोर सोपं असतं. ते पगार घेऊन आलेले असतात. इथे समोरून निखिल आला, काळा कोट, पॉलिश केलेले बूट, दोन्ही हातांनी छातीशी डबा धरलेला, तान्ह्याला धरतात तसा. मागे वर्षावहिनी, हातात परडी. त्यांच्यामागे निम्मं मंडळ. सगळ्यांचे डोळे लाल. यांच्याविरुद्ध पत्रक कसं लिहायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी शत्रूची तयारी करून गेले होते आणि समोर नुसती माया होती, पोतं भरून.

मी म्हटलं, कुरणात नाही टाकायचं.

वहिनी पुढे आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. “ज्या बाईने ही जागा राखली, तिला इथे दोन मुठी जागा नाही? आणि हे तू ठरवणार?”

मग मी ते सांगितलं, जे तुम्ही माझं मनगट धरून अडवलं होतं. निर्माल्य, खत, सुपली, गुडघे, सगळं. फाटकात उभं राहून, मोठ्याने. खालून बर्मिंगहॅमची ट्रेन गेली. वहिनी एवढंच म्हणाल्या, “मला छान म्हणाल्या होत्या त्या.”

“हो,” मी म्हटलं. “आणि तुम्ही गेल्यावर अंधार पडेपर्यंत खरवडत होत्या.”

तुमचं एक गुपित होतं, तेही दयेचं. ते मी सगळ्यांसमोर फोडलं. काकू, मी माफी मागणार नाही. तुम्ही ते वेळेत बोलला असतात, तर मला त्या बाईच्या तोंडावर बोलावं लागलं नसतं. त्यांचा चेहरा आता माझ्याजवळ राहणार आहे. तुमच्याऐवजी.

निखिल म्हणाला, “दाखव.”

मी त्याला पायवाटेने नेलं. मधल्या कुरणात काऊस्लिप नुकत्या उघडल्या होत्या, आणि त्यांच्या खाली, मी नीट बघितलं, कडेला दाते असलेली पानं. खुळखुळा आलाय, काकू. भरपूर आलाय. त्यालाही ओणवं व्हायला लावलं, ओंजळ उपडी ठेवायला लावली. डबा त्याने खाली ठेवला नाही, एका हाताने कवटाळून दुसरा हात टेकवला. मग वरच्या कोपऱ्यात नेलं. एप्रिलमध्येच गुडघ्याच्या वर गेलेली नेटल, आणि खाली काही नाही. मी ओंजळीचं सांगायच्या आधीच तो म्हणाला, “इथे टच करत नाही मी.”

त्याने डबा पुन्हा दोन्ही हातांनी नीट धरला. मग विचारलं, “हा ऑलरेडी खराब झाला आहे ना? म्हणजे इथे आईने अजून काही खराब होणार नाही?”

मी म्हटलं, नाही. इथे होणार नाही.

“मग इथे.”

मागून वहिनी म्हणाल्या, “असल्या खाजऱ्या झुडपांत? आईला?” आणि निखिल, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसला. “आईला चालेल,” म्हणाला. “आई पण टोचायची.”

तो त्या बुटांनी नेटलमध्ये शिरला. पँटमधूनही लागतं ते, तरी मधोमध जाऊन उभा राहिला आणि डबा तिरका केला. राख म्हणतात तशी ती नव्हती, करड्या वाळूसारखी होती, पानांवर पडताना आवाज आला. शेवटचं थोडं उरलं तेव्हा वर्षावहिनी परडी माझ्या हातात देऊन आत गेल्या. बाह्या वर केलेल्या. डब्यात हात घातला, मूठभर घेतलं, आणि वाकून, हात पानांत घालून, खाली मातीवर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. बाहेर आल्या तेव्हा मनगटापर्यंत लाल पुरळ होतं. मी डॉकचं पान तोडून दिलं. नेटलच्या खाजेवर इथे सगळे तेच चोळतात. निखिल म्हणाला, आई म्हणायची त्याने काही होत नाही. तरी त्याने एक घेतलं, वहिनींनी एक घेतलं, आणि दोघं चोळत उभे राहिले. परडीतली फुलं वहिनींनी परत नेली. मला काही बोलल्या नाहीत. फाटकातून जाताना कडी मात्र नीट लावली.

आता मी तुमच्याशी भांडण पुरं करते, कारण तुम्ही उत्तर देऊ शकत नाही आणि अशी संधी पुन्हा येणार नाही. गवताचा गुन्हा नाही, मान्य. उपटून काही होत नाही, मान्य, मी पैज हरले आणि वर्षभर गवत उचललं. पण वाढणारा हात असतो, काकू. तो दिसत असूनही तुम्ही त्याला छान म्हणालात. तुमचं कुरण शहराने मारलं नाही, मशीननेही नाही. जो एक कोपरा मेला तो प्रेमाने मेला, आणि त्या प्रेमाला ‘नको’ म्हणायचं काम तुम्ही माझ्यासाठी शिल्लक ठेवलंत. मला चिकवीड शिकवण्यापेक्षा ते आधी शिकवायचं होतं.

ते जाऊ दे. कामाचं बोलते.

या उन्हाळ्यात तो कोपरा माझ्या डोक्याच्या वर जाईल. तुमच्यावर पोसलेला. लोक म्हणतील काकूंची कृपा, फोटो काढतील. काढू देत. मग ऑगस्टमध्ये मी तुमचा विळा आणि दाताळं घेऊन जाईन, लांब बाह्यांचा शर्ट घालून. तो कोपरा आजवर आपण टाळत आलो. आता टाळणार नाही. मी ती नेटल कापणार, कवेत घेऊन उचलणार, आणि कुंपणाबाहेर नेऊन टाकणार. शेवटच्या काडीपर्यंत. त्याच्या पुढच्या वर्षी परत, आणि त्याच्या पुढच्या. निखिल म्हणालाय येईन, बघू. वहिनी येतील असं मला वाटतं, न बोलता.

असं थोडं थोडं करून मी तुम्हाला इथून बाहेर काढणार आहे, काकू. माती परत उपाशी होईपर्यंत.